‘राजकीय’ गुलामीचा, म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज. म्हणे ‘राजकीय’ हा शब्द इंग्रजांनी ‘पोलिटिकल’साठी घडवला, त्यात राजा आहे, म्हणून लोकशाहीत तो गुलामीचा, ‘सरकारी’ मोगलांनी लादला, शुद्ध आणि स्वाभिमानी शब्द एकच, ‘शासकीय’.

घडवण्याचं आधी बघू. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘राज्ञः क च’. ‘राजन्’ला ‘ईय’ लावताना शेवटच्या ‘न्’चा ‘क्’ करा, झालं राजकीय, म्हणजे राजाचं. तेव्हा इंग्रज कुठे होते? ‘पोलिटिकल’ हा अर्थ मागाहून चिकटला, आणि तोही सगळीकडे नाही. हिंदीत त्याला ‘राजनीतिक’ म्हणतात. तिकडे ‘राजकीय’ म्हणजे चक्क सरकारी. उत्तर प्रदेशातल्या ‘राजकीय इंटर कॉलेजा’त पुढारी नव्हे, पोरं शिकतात. रेल्वेच्या पोलिसांना हिंदीत ‘राजकीय रेलवे पुलिस’ म्हणतात. कुर्ल्याला मोबाइल मारला गेला की आपण गाठतो ते मात्र ‘लोहमार्ग पोलीस’ ठाणं. त्या मराठी पाटीवर ‘राजकीय’ लिहिलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, कुठल्या पक्षाचं?

राजा नको, ठीक. पण ‘शासकीय’त कोण बसलाय? शासक! बरं, ‘शास्’ धातूत हुकूम आहे तशी शिक्षाही आहे. आजी म्हणायची, ‘चोराला शासन झालंच पाहिजे.’ ते काही अनुदान नव्हे.

राहिला ‘सरकारी’. शब्द फारसी, कबूल. ‘सर’ म्हणजे डोकं, ‘कार’ म्हणजे काम. पण हा ‘सर’ आपल्या ‘शिरस्’चा आणि ‘कार’ आपल्या ‘कार्या’चा चुलतभाऊ; संस्कृत आणि फारसी एकाच कुळातल्या. शिवाय ‘सर’ हाकलायचा तर सरनोबत, सरलष्कर, सरदेशमुखी यांनाही निरोप द्या. मराठेशाहीत त्यांनी कुणाचा स्वाभिमान दुखावल्याचं दिसत नाही. आणि ज्या ‘शासकीय इतमामा’चा मेसेजमध्ये गौरव आहे, त्यातला ‘इतमाम’ मुळात अरबी!

मेसेज पाठवणारे काका रविवारी भावाकडे वांद्रे पूर्वेला जातात. रिक्षावाल्याला ‘शासकीय वसाहत’ सांगताना मी त्यांना अजून ऐकलेलं नाही. ‘गव्हर्मेंट कॉलनी’ म्हणतात आणि बसतात.