रॉट आणतोयस? नाद खुळा भावा!

भावा, दीड गुंठ्यात बंगला बांधलास, दारात थार आली, आणि गेटवर नुसती 'कुत्र्यापासून सावध' पाटी, आत कुत्रंच नाय, हे काय शोभत नाय बघ. रॉट म्हणजे रॉटवायलर, ह्या जातीचंच कुत्रं आण. आपला कारवान जातीचा कुत्रा नको, तो इथल्याच माळावरचा, उन्हातान्हात पळणारा, पण अंगानं हडकुळा, शेजारी म्हणतील ह्यो खायला घालत नाय. आणि गल्लीतलं देशी पिल्लू तर फुकट मिळतं, फुकटच्या मालाची रील कोण बघतंय.

पिल्लाचे आईबाप बघायचा हट्ट करू नको, विकणाऱ्याला वाईट वाटतं. आठ आठवडे आईजवळ राहू दे म्हणतात, पण एवढा दम कुणाला? तीस दिवसांचंच उचल. भावंडांत खेळून खेळून चावा किती जोरात घ्यायचा हे ते शिकून बसलं तर राखण कोण करणार? पुढं चार महिन्यांचं होईपर्यंत माणसं, पोरं, गाड्या, म्हशी सगळं दाखवा म्हणतात, ते पण नको, सगळ्यांना ओळखून शेपूट हलवायला लागलं की गेली इज्जत.

खाण्याचं टेन्शनच नाय, आपण कोल्हापूरचे. रविवारी मटण शिजलं की भाकरी कुस्करून वर तांबडा रस्सा. कांद्या-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात असं डॉक्टर सांगतात, सांगू देत, रस्सा पण तांबडाच आहे की. शिजलेल्या हाडाची टोकं आतड्यात रुततात म्हणे, मग नळी काय टाकून द्यायची? आणि गंगावेशीतनं म्हशीचं धारोष्ण दूध आणून लिटरभर पाज, तालमीतला पैलवान होतो का नाय बघ. दुसऱ्या दिवशी अंगणात जे काय रंगकाम झालं असंल ते आई धुईल. (आईला विचारलं नव्हतं कुत्रं आणताना, पण धुणार तीच.)

जातीचं माप बघशील तर नर 61 ते 68 सेंटिमीटर उंच, वजन 50 किलोच्या आसपास. आपल्याला 50 पुरत नाय, 65 पाहिजे, मग भले मागचे खुबे दुखून जिना चढता येईना. तसं त्याला जायचंय कुठं? जर्मनीतल्या रॉटवाइल गावात ह्यांचे पूर्वज खाटकांची गुरं हाकायचे, गाड्या ओढायचे, दिवसभर मरमर काम. आपल्याकडं आराम. सहा फुटांची साखळी, वर पत्रा, आणि मे महिना. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाय, धापा टाकूनच ते गार होतं, त्यामुळं दिवसभर तोंड उघडं, आणि फोटोत दात काय भारी येतात राव!

पहिला वाढदिवस दणक्यात कर. चौकात डिजिटल बॅनर, त्यावर गळ्यात गॉगल घातलेला टायसन, खाली शुभेच्छुक म्हणून अख्खी गल्ली. रेबीजची लस राहिली तर राहू दे, साऊंडवाल्याचं बुकिंग आधी.

कुणी कायदा काढला तर ठोकून सांगायचं, मार्च 2024 मध्ये केंद्रानं 23 जातींवर बंदीचं पत्र काढलेलं, त्यात रॉट पण होता, पण महिन्याभरात कर्नाटक हायकोर्टानं ते रद्द केलं. एवढंच सांगायचं आणि चहा मागवायचा. न्याय संहितेचं 291 कलम आहे, पाळलेल्या जनावराबाबत हयगय केली तर 6 महिन्यांपर्यंत कैद नायतर 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही, ते त्यांच्या तोंडून येईपर्यंत आपण कशाला काढायचं.

ते येतंच पण. वर्ष-दीड वर्षात कधीतरी साखळी सुटते, दूधवाल्याची पोटरी धरली जाते, आणि तुला कळतं की ह्या कुत्र्याला 'सोड' म्हणजे काय ते कुणी शिकवलंच नाय. तेवढ्यात आई येते, नुसतं "टायस्या, हिकडं ये" म्हणते, आणि 65 किलोचं ते धूड मान खाली घालून तिच्यामागं जातं.

तू मात्र त्याच रात्री स्टेटस ठेव. 'घरगुती अडचणीमुळे देणे आहे, लई प्रेमळ, साखळी फ्री.' सकाळी टेम्पो येईल. आई त्याचं ताट घासून उन्हात वाळवत बसली असंल, तिला सांग ते टाकू नको, माळ्यावर ठेव, केन कोर्सोची पिल्लं आलीत म्हणे इचलकरंजीला.