पाच अक्षरं खोडताना

माझा कॉम्प्युटर मेला असं मी लागोपाठ तीनदा जाहीर केलं. तिन्ही वेळा तो चालू व्हायला निघाला, स्क्रीनवर एक रेघ लुकलुकत राहिली आणि पुढे काही घडेना. दर वेळी मी पाचेक मिनिटं धीर धरला आणि मग बटण दाबून धरून त्याला गप्प केलं. चौथ्यांदा वैतागून तसाच सोडला आणि आंघोळीला गेलो. बाहेर येऊन बघतो तर लॉगिनची चौकट माझी वाट बघत उभी. लॉग, म्हणजे त्याची रोजनिशी, उघडला. सगळं सुरळीत होतं, फक्त मध्ये एका ठिकाणी साहेबांनी ८ मिनिटं २० सेकंद समाधी लावली होती.

८ मिनिटं २० सेकंद म्हणजे ५०० सेकंद. आणि ५०० हा आकडा आदल्या रात्री मीच कॉन्फिगरेशनच्या फाइलीत लिहिला होता. नेटवर्कची वाट किती वेळ बघायची, एवढीच ती सेटिंग. बरं, आकडा मनाने लिहिला नव्हता. मॅन पेज, म्हणजे सिस्टिमसोबत येणाऱ्या माहितीपुस्तकाचं पान, उघडून, चष्मा लावून, 'हा वेळ मिलिसेकंदांत द्यावा' हे वाक्य दोनदा वाचून लिहिला होता. मी त्याला म्हटलं अर्धा सेकंद थांब, तर हा माझी आंघोळ होईपर्यंत थांबला.

मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमचं सुख असं, की शंका आली तर सोर्स कोड उघडून बघता येतो. मी उघडला. माझा आकडा फाइलीतून निघून, वाटेत कुठेही हजाराने भागला न जाता, थेट 'स्लीप' नावाच्या फंक्शनच्या हाती पडत होता. स्लीपला सेकंदांपलीकडचं जग माहीतच नाही. म्हणजे कोड सेकंद म्हणत होता आणि मॅन पेज मिलिसेकंद. चूक माझी नव्हती! दुसऱ्याची चूक पुराव्यासकट हाती लागण्यासारखं सुख नाही, आणि तेवढ्या सुखावर मी थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

पण मी मित्राला फोन केला. मित्र या प्रांतात मुरलेला आहे. तो म्हणाला, "अरे, मग दुरुस्त कर की. डॉक्सचा पॅच म्हणजे सगळ्यात सोपं काम. नव्या माणसाने तिथूनच सुरुवात करायची असते." डॉक्स म्हणजे डॉक्युमेंटेशन, आणि पॅच म्हणजे काय बदलायचं तेवढंच दाखवणारी छोटी फाइल.

हिशेब तर सरळ होता. मूळ इंग्रजी शब्दातून एम, आय, एल, एल, आय ही पाच अक्षरं खोडायची, की मिलिसेकंदाचे सेकंद होतात. काही नवीन लिहायचंसुद्धा नाही. प्रकल्पाचं नाव मी इथे सांगत नाही. तिथली माणसं सज्जन आहेत, आणि त्यांना मराठी येत नसलं तरी भाषांतराची यंत्रं हल्ली फार सुधारली आहेत.

आधी 'योगदान कसे द्यावे' हे पान वाचलं. त्यात दिलेल्या दुसऱ्याच दुव्यावर काही नव्हतं. डॉक्युमेंटेशन कसं दुरुस्त करावं हे सांगणारं डॉक्युमेंटेशनच दुरुस्तीला आलेलं. एकदा वाटलं आधी हेच नीट करावं. पण त्यासाठी काय करायचं ते त्या नसलेल्या पानावर असणार, म्हणून नाद सोडला.

मग गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामने सगळा कोड उतरवायला घेतला. कोड म्हणजे नुसता कोड नव्हे, आजवर कोणी कधी काय बदललं त्याची अख्खी बखर. रात्रभर बखर उतरत होती. फक्त वरचा थर उतरवायचीही सोय असते, हे मित्राने सकाळी सांगितलं.

आता मॅन पेजविषयी थोडं. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ अशी तारीख आहे, आणि ही पानं आजही त्याच घराण्यातल्या लिपीत लिहिली जातात. ओळीच्या आरंभी टिंब दिसलं की ती ओळ मजकूर नसून हुकूम, हा तिचा मुख्य नियम. हुकूम ओळखीचा असेल तर अक्षरं ठळक होतात, परिच्छेद पडतो वगैरे. ओळखीचा नसेल तर? काही नाही. ओळ मुकाट्याने गिळली जाते. ही माहिती मला त्या दिवशी निरुपयोगी वाटली होती.

पाच अक्षरं खोडली. बॅकस्पेस पाच वेळा दाबायला दोन सेकंद लागले. (मिलिसेकंदांत सांगायचं तर, नको, जाऊ दे.)

खरं काम पुढे होतं. ते म्हणजे कमिटचा, म्हणजे बदलाच्या नोंदीचा, संदेश. काय बदललं ते पॅचमध्ये दिसतंच, तेव्हा का बदललं ते लिहा, असा दंडक. ओळ ७५ अक्षरांच्या आत हवी. शिवाय आज्ञार्थच वापरायचा. 'या पॅचने एकक दुरुस्त होते' असं लिहायचं नाही, 'एकक दुरुस्त कर' असं लिहायचं. आयुष्यात प्रथमच मला कोणावर तरी हुकूम सोडायची संधी मिळाली, आणि समोर कोण, तर एक फाइल. पाच अक्षरं का खोडली याचं समर्थन २३ ओळींत बसलं. शेवटी सहीची ओळ. ही पद्धत लिनक्स कर्नलने (म्हणजे लिनक्स सिस्टिमच्या गाभ्याच्या प्रकल्पाने) २००४ साली सुरू केली आणि पुढे इतरांनीही उचलली. मजकूर माझाच आहे, किंवा तो पुढे देण्याचा मला हक्क आहे, अशी ग्वाही त्या ओळीने द्यायची असते. मी काही लिहिलंच नव्हतं. माझ्या खोडण्यावर दुसरं कोणी मालकी सांगणार नाही, अशी ग्वाही मी दिली.

पॅच ईमेलने पाठवायचा होता. पाठवला. चार मिनिटांत उत्तर! एवढी तत्परता पाहून भरून आलं. उत्तर यंत्राने पाठवलेलं होतं. माझ्या मेलच्या प्रोग्रामने मजकूर देखणा करण्याच्या नादात टॅबांच्या जागी स्पेस घातल्या होत्या, त्यामुळे पॅच लागूच होत नव्हता. साधा मजकूर पाठवायची वेगळी आज्ञा असते ती शिकलो, पुन्हा पाठवला, आणि माणसं आली.

पहिले गृहस्थ म्हणाले, छान, पण ओळीच्या शेवटी एक स्पेस राहिली आहे. राहिली होती. एम खोडताना माझ्याच हातून ती तिकडे जाऊन पडली असावी. दुसऱ्यांनी विचारलं, पानाच्या माथ्यावरची तारीख का नाही बदलली? तिसरे म्हणाले, तारखेला हात लावू नका, ती आपोआप बदलते. यावर दुसरे आणि तिसरे एकमेकांशी बोलू लागले आणि मी चार दिवस मोकळा झालो.

चौथे फार बारकाईचे निघाले. मॅन पेजमध्ये प्रत्येक नवं वाक्य नव्या ओळीवर सुरू करावं असा संकेत आहे. वाचणाऱ्याला फरक दिसत नाही, पण पुढे बदल करणाऱ्याला सोपं जातं. माझ्या परिच्छेदात दोन वाक्यं एकाच ओळीत बसली होती. गेली कित्येक वर्षं ती तिथे सुखाने नांदत होती. पण आता मी त्या ओळीला हात लावला होता, तेव्हा तिचं पुढचं सगळं माझ्याकडे आलं. शिवाय खालच्या उदाहरणात उणे चिन्हाच्या जागी संयोगचिन्ह आहे, तेही बघावं. दिसायला दोन्ही आडव्या रेघाच. पण वाचकाने पानावरून आज्ञा उचलून टर्मिनलमध्ये चिकटवली की संयोगचिन्हवाली चालत नाही, आणि का चालत नाही हे डोळे फाडून बघितलं तरी दिसत नाही. खरं सांगतो, हे वाचून मला गहिवरून आलं. अशा कितीतरी आज्ञांनी मला आजवर छळलं होतं. आज खुनी सापडला.

मी हे सगळं एकाच पॅचमध्ये करून पाठवलं. पाचवे आले. एका पॅचमध्ये एकच बदल! तेव्हा तिसऱ्या आवृत्तीत तीन पॅच झाले, आणि तीन पॅच म्हटलं की वर त्यांची ओळख करून देणारं शून्य क्रमांकाचं पत्र लागतं. पाच अक्षरं खोडायला निघालेला मी आता प्रस्तावना लिहीत होतो.

त्यातच वाक्य नव्या ओळीवर नेताना एक ओळ फाइलीच्या नावाने सुरू झाली. नाव टिंबाने सुरू होणारं. छापून पाहिलं तर अख्खी ओळ गायब. ना इशारा, ना तक्रार. नेमकी तीच ओळ, जिच्यात सेकंद होते. म्हणजे एकक चुकीचं होतं ते आता मुळातच नाहीसं झालं होतं. एका अर्थी दुरुस्तीच म्हणायची. पण सहाव्यांच्या ते लक्षात आलं.

सातवे मेंटेनर, म्हणजे प्रकल्पाचे कारभारी. ते एरवी बोलत नाहीत. त्यांनी एवढंच लिहिलं की बाकीचं नंतर बघू, आत्ता फक्त एककाचा पॅच द्या. मी चौथी आवृत्ती पाठवली. पहिल्या आणि चौथ्या आवृत्तीत फरक होता तो ओळीच्या शेवटच्या त्या एका स्पेसचा.

नंतर शांतता. आठवडाभर तरी आठवण करून द्यायची नाही, हा तिथला शिष्टाचार. मी दोन आठवडे कळ काढली आणि त्या काळात संगणकजगातल्या ज्या चुका कधीच दुरुस्त झाल्या नाहीत त्यांचा अभ्यास केला. युनिक्समध्ये फाइल निर्माण करणाऱ्या सिस्टिम कॉलचं नाव 'क्रिएट', पण त्याच्या स्पेलिंगमधला शेवटचा ई पहिल्यापासून बेपत्ता आहे. युनिक्स पुन्हा घडवायचं झालं तर काय बदलाल, असं युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांना विचारलं, तेव्हा त्यांनी तो ई घालीन म्हणून सांगितलं. वेबवर आपण कुठल्या पानावरून आलो ते सांगणाऱ्या 'रेफरर' या हेडरमधला एक आर असाच गळाला, आणि १९९६ च्या एचटीटीपीच्या, म्हणजे वेबच्या नियमांच्या, कागदपत्रात तसाच छापला गेला. आजही ब्राउझर तो तसाच पाठवतात. या यादीसमोर माझी पाच अक्षरं किरकोळ होती. पण ती माझी होती.

पॅच स्वीकारला गेला! इतिहासात माझं नाव लागलं: एक ओळ गेली, एक ओळ आली. मित्राला कळवलं. तो म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं सोपं असतं?"

इथे संपायला हवं होतं. तीन महिन्यांनी ती सेटिंग ज्यांनी मुळात लिहिली ते गृहस्थ उगवले. त्यांचं म्हणणं असं, की पान पहिल्यापासून बरोबर होतं. त्यांच्या मनात मिलिसेकंदच होते. चूक कोडमध्ये होती. म्हणजे मी सत्य खोडून त्या जागी वस्तुस्थिती बसवली होती.

मग कोड दुरुस्त करावा? तर तेही जमेना. एव्हाना कित्येकांनी आपापल्या फाइलींत ५ लिहून पाच सेकंद मिळवले होते. कोड बदलला तर त्यांना पाच मिलिसेकंद मिळाले असते आणि त्यांचं नेटवर्क उंबऱ्याबाहेरच राहिलं असतं. 'मेक' हा कोडपासून प्रोग्राम बांधून देणारा प्रोग्राम, आणि मेकफाइल ही त्याच्या सूचनांची फाइल. तिच्यातल्या टॅबची हीच कथा. १९७६ मध्ये 'मेक' लिहिणाऱ्या स्टुअर्ट फेल्डमन यांना आज्ञांच्या ओळी टॅबनेच सुरू करण्याची सक्ती ही चूक आहे हे लवकरच उमगलं होतं. पण तोवर वापरणारे डझनभर झाले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून टॅब राहिला. त्या डझनभरांच्या सोयीपायी सगळं जग आजतागायत टॅब मोजतंय.

शेवटी तोडगा निघाला. जुनी सेटिंग सेकंदांसकट तशीच ठेवायची, आणि खऱ्या मिलिसेकंदांची एक नवी सेटिंग आणायची, नावाच्या शेपटीला 'एमएस' लावून, म्हणजे कोणाचा गोंधळ होणार नाही. नवी आवृत्ती गेल्या आठवड्यात आली. मी उतरवली, नव्या सेटिंगमध्ये ५०० लिहिलं, कॉम्प्युटर चालू केला. चटकन लॉगिनची चौकट! आंघोळीला जायला सवडच मिळाली नाही.

मग सहज मॅन पेज उघडलं. नव्या सेटिंगची माहिती लिहिणाऱ्याने वरच्या जुन्या सेटिंगची ओळ उचलून खाली चिकटवली होती. माझी ओळ. 'हा वेळ सेकंदांत द्यावा.'

मित्राला अजून सांगितलेलं नाही. तो काय म्हणेल ते पाठ आहे. पाच अक्षरं घालायची आहेत, या वेळी शेवटी स्पेस न ठेवता. समर्थनाच्या २३ ओळी माझ्याकडे तयार आहेतच. फक्त जिथे 'खोड' होतं तिथे 'घाल' करायचं आहे.