भिजवून, ताणून, इस्त्री करून कार्डिगन मापात येतं?

थंडी सुरू झाली की मोबाईलवर एक सल्ला फिरायला लागतो: हातानं विणलेलं कार्डिगन अंगाला बसत नसेल तर टाकाही उसवू नका. गरम पाण्यात भिजवा, हव्या त्या मापाला ताणून टाचण्या लावा, वरून इस्त्री फिरवा. कुठलीही लोकर असो, बसलंच समजा. सोलापुरातही तो हातोहात पुढे जातोय. (इथे कार्डिगन लागतं कशाला, असं विचारणाऱ्यानं जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत रात्री उशिरापर्यंत फिरून बघावं.)

'कुठलीही लोकर' इथेच पहिली गडबड. दुकानात लोकर मागितली की पुष्कळदा हातात ॲक्रिलिक पडतं. मेंढीची लोकर ज्या आकारात वाळते तो आकार बऱ्यापैकी धरते. ॲक्रिलिक पाणी फारसं शोषत नाही, वाळलं की बहुतेक पहिल्यासारखंच. त्यावर गरम इस्त्री टेकवली तर वीण चपटी होते, कापड लुळं पडतं आणि पुन्हा उभं राहत नाही. वेष्टण फेकलं असेल तर उरलेला बोटभर धागा चिमट्यात धरून जाळा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी बनतो. इस्त्री लोकरीलाही थेट लावू नये. एक सुलट एक उलट विणलेल्या पट्टीला तर नाहीच, तिचा ताण जातो.

गरम पाणी हा खऱ्या लोकरीचा घात. उष्णता आणि चोळणं एकत्र आलं की धागे एकमेकांत अडकतात आणि कापड आटून बुरणुसासारखं घट्ट होतं. पाणी कोमट घ्या, पिळू नका. जाड सोलापुरी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं की पाणी निघतं. मग चादर दुहेरी अंथरून त्यावर आडवं पसरा, सावलीत. दोरीवर टाकलं तर ओल्या वजनानं लांबत जाईल.

ताणण्याचं म्हणाल, तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक लोकरीत निघतो, टाकेही सारखे दिसतात. एवढं त्या सल्ल्यात खरं आहे. पण २०० टाक्यांचा घेर १० सेंटिमीटरला २० टाके धरून मांडला, आणि हात घट्ट असल्यानं तिथे २२ बसले, तर १०० ऐवजी जेमतेम ९१ सेंटिमीटर मिळतात. नऊ सेंटिमीटर ओढून काढाल तर लांबी आखडेल.

बटणपट्टीला पाण्याचा काही उपयोग नाही. पट्टी लाटांसारखी फुगते तेव्हा कडेचे टाके जास्त उचललेले असतात. खालचं टोक वर ओढलं जातं तेव्हा कमी. साध्या विणीत साधारण ४ ओळींमागे ३ टाके उचलतात. तेवढी पट्टीच उसवायची आणि पुन्हा विणायची. आणि बटणं आधी आणा, काजं त्यांच्या मापाची ठेवा. हा क्रम उलटा करणाऱ्यांना शोधत फिरावं लागतं.

राहिलं 'उसवू नका'. बाही मनगटाकडून वर विणलेली असेल आणि लांब झाली असेल, तर मुंढ्याला हात लावायची गरज नाही. मनगटाच्या पट्टीच्या वर, जेवढं कमी करायचं तेवढं मोजून, एका ओळीतला एक टाका कापा. तो धागा सुईनं ओळभर ओढून काढा. खालचा तुकडा सुटतो, वरचे मोकळे टाके सुयांवर घ्या आणि पट्टी खालच्या दिशेनं विणून सैल हातानं बंद करा. साध्या विणीत जोड ओळखू येत नाही. नक्षी असेल तर अर्ध्या टाक्याचा फरक दिसतो, तिथे बाही मुंढ्यापासून सोडवून वरून कमी केलेली बरी.