टर्बो गाडी कानानं ट्यून होत नाही भावांनो

कोल्हापुरातल्या गाडीवाल्या ग्रुपांवर एक मेसेज लई फिरतोय, तुम्हाला पण आला असेलच. थोडक्यात असा: “लॅपटॉप लावून लॉगिंग करणं म्हणजे नुसता पैसे काढायचा धंदा. खरा मिस्त्री कानानं इंजिन ओळखतो, प्लगच्या रंगावरून मिक्श्चर सांगतो. टर्बो गाडीत बूस्ट वाढवला की पॉवर वाढली, बाकी ईसीयू सांभाळून घेतंय. बघायचंच असेल तर स्वस्तातला डोंगल घ्या, फोनवर सगळं दिसतंय.” खाली आगीचे इमोजी. नवख्यांसाठी: टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंप, बूस्ट म्हणजे त्या हवेचा दाब, मिक्श्चर म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, लॉगिंग म्हणजे त्याचे आकडे रेकॉर्ड करणं आणि डोंगल म्हणजे गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावून फोनवर आकडे दाखवणारं छोटं यंत्र. आता एकेक वाक्य घेऊ.

“मिस्त्री कानानं ओळखतो.” ओळखतो की, कोण नाही म्हणतंय. उद्यमनगरातल्या जुन्या लोकांनी कार्ब्युरेटर आणि पॉइंटच्या गाड्या निव्वळ कानावर लावल्यात आणि त्या पळाल्यात. टॅपेट, बेअरिंग, एक्झॉस्ट लीक या गोष्टी आजही कानाला आधी कळतात. पण टर्बो पेट्रोलमध्ये जीव घेणारी गोष्ट म्हणजे नॉक (ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरमधलं उरलेलं मिक्श्चर आपोआप धडकन पेटणं), आणि ती चालू होते तेव्हा फुल थ्रॉटल असतो, टायर वाजतायत, एक्झॉस्ट गर्जतोय, काचेबाहेर वारा. त्यात हलका नॉक ऐकू येत नाही मर्दा. ब्लॉकला बोल्टानं आवळलेला सेन्सर सहा-सात किलोहर्ट्झच्या आसपासची ती थरथर पकडतो आणि ती कुठल्या सिलिंडरची हे पण ईसीयूला कळतं. तुमच्या कानाला खडखड ऐकू यायला लागली म्हणजे प्रकरण बरंच पुढं गेलेलं असतंय.

“प्लगचा रंग बघा.” हे पटकन उरकतो. फुल लोडचा रंग बघायचा तर फुल लोडवरच इंजिन बंद करून जागेवर प्लग काढायला लागतो. तुम्ही हायवेवरनं आलात, कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबलात, वर्कशॉपला येऊन चहा होईस्तोवर गाडी आयडलला ठेवलीत, तर प्लगवर जे दिसतं त्यात आयडल पण मिसळलेलं असतंय. आणि समजा रंग बरोबर वाचला तरी तो सगळ्याची सरासरी सांगतो, ४५०० आरपीएमला अर्धा सेकंद गाडी लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) झाली होती हे कुठलाच प्लग सांगणार नाही.

“बूस्ट वाढवला की पॉवर वाढली.” वाढते, थोडी, आणि कुठंपर्यंत ते बघितलं नाही तर अंगाशी येतंय. हवा दाबली की तापते. बाहेर ३५ डिग्री असताना हवेचा दाब दुप्पट केला तर साधारण ७० टक्के एफिशियन्सीच्या कॉम्प्रेसरमधून ती १३० डिग्रीच्या आसपास बाहेर पडते, मग इंटरकूलरनं (तापलेली हवा गार करणाऱ्या रेडिएटरनं) जेवढी गार केली तेवढी केली. एप्रिल-मे मध्ये लागोपाठ दोन-तीन पुल (फुल थ्रॉटलच्या धावा) मारले की इंटरकूलरच तापून बसतो, इनटेक टेम्परेचर चढतं आणि त्याच बूस्टवर गाडी पहिल्यापेक्षा ढिली पळते. त्यात आपण साडेपाचशे मीटरच्या वर राहतो, इथं हवेचा दाबच ९५ किलोपास्कलच्या आसपास, रत्नागिरीत किनाऱ्याला १०१. ईसीयूला २०० किलोपास्कल हवे असतील तर आंबा घाट चढून आल्यावर तेवढ्यासाठी टर्बोला जास्त फिरायला लागतं. म्हणून दुसऱ्या गावच्या मित्राची ट्यूनची फाइल (ईसीयूची सेटिंग) आणून टाकणाऱ्यांनी जरा थांबा. आणि गिअरबॉक्स? पोलो जीटी टीएसआयचा सात स्पीड डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे, बूस्ट वाढवताना ते कुणी विचारत नाही.

एक गाडी आलेली, तक्रार “पिकअप नाही, बूस्ट वाढवून द्या.” लॉग काढला तर ईसीयू मागतंय २१० किलोपास्कल आणि मिळतंय १८० च्या आत, वेस्टगेट (बूस्ट आवरायला एक्झॉस्ट टर्बोच्या बाजूनं सोडणारी झडप) मात्र आधीच पूर्ण दाबून बंद. म्हणजे हवा कुठंतरी पळतेय. इंटरकूलरच्या पाइपची क्लिप ढिली निघाली, आमच्याच मिस्त्रीनं बदलली, विषय संपला. मेसेजवाल्याच्या सल्ल्यानं बूस्ट वाढवला असता तर बिचारा टर्बो गळकी हवा भरून काढायला अजून जोरात फिरत बसला असता.

आता खरा मुद्दा, कारण हा ऐकायला सगळ्यात शहाणा वाटतो: “ईसीयू सांभाळून घेतंय.” बरोबर आहे, घेतंय, आणि म्हणूनच लॉग लागतो! ईसीयू सांभाळतं म्हणजे काय करतं बघा. नॉक दिसला की त्या सिलिंडरचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) दोन-चार डिग्री मागं घेतं, मग हळूहळू परत पुढं आणतं, परत नॉक आला की परत मागं. तुम्हाला ड्रायव्हर सीटवर काय कळतं? गाडी आज जरा आळसलीय, बास. चेक इंजिनचा दिवा नाही, आवाज नाही. इकडं टायमिंग मागं गेलं की जळण उशिरा संपतं, एक्झॉस्ट जास्त तापतो, टर्बाइनला (टर्बोच्या एक्झॉस्टवर फिरणाऱ्या चाकाला) ती उष्णता बसते, मग ती गार ठेवायला ईसीयू अजून पेट्रोल ओततं. मालक म्हणतो ॲव्हरेज पडलं. लॉगमध्ये मात्र स्वच्छ दिसतंय की बाकीचे सिलिंडर गप आहेत आणि तीन नंबर प्रत्येक पुलला चार डिग्री मागं जातोय, मग त्याच सिलिंडरचा प्लग नाहीतर इंजेक्टर बघायचा.

आणि सांभाळायला पण मर्यादा असते. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाडीत कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पाय खाली दाबला तर कधीकधी ठिणगी पडायच्या आधीच मिक्श्चर पेट घेतं, तिथं टायमिंग मागं घेऊन काय होणार, ठिणगीचा संबंधच नाही. वर काही महाभाग रिमॅप करताना (ईसीयूची सेटिंग बदलताना) नॉक सेन्सरचीच संवेदना कमी करतात, म्हणजे गाडी “तक्रार करत नाही”. अशा गाडीत कोण सांभाळणार ते तुम्हीच सांगा.

पेट्रोलचं पण तेच. ऊस आपला, इथेनॉल आपलं, त्यामुळं ई२० वर (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ई१० म्हणजे १० टक्क्यांचं) मी नाक मुरडणार नाही, उलट इथेनॉल नॉकला चांगलंच. पण ई१० वर लावलेल्या गाडीत ई२० आलं की तेवढ्याच हवेला चार-साडेचार टक्के जास्त इंधन लागतं. नेहमीच्या चालीत ईसीयू ट्रिम (इंधनाची दुरुस्ती) वाढवून ते भरून काढतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर जुना नॅरोबँड असला तर फुल थ्रॉटलला तो फक्त “रिच (पेट्रोल जास्त) आहे” एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही, म्हणून ०.८५ लॅम्डावर (लॅम्डा १ म्हणजे हवा-इंधन अगदी बरोबर, खाली गेलं की रिच) लावलेली गाडी ०.८९ कडं सरकली तरी पत्ता लागत नाही. तिथं नेमका आकडा देणारा वाइडबँड सेन्सर लावून लॉगच काढायला लागतो. आणि कृपा करून लॅम्डा वाचा, हवा-इंधनाचं प्रमाण १२ का साडेबारा हा वाद घालू नका, कारण पेट्रोलचा गेज आतून लॅम्डाच मोजतो आणि १४.७ नं गुणून दाखवतो, टाकीत ई२० असलं तरी.

डोंगलबद्दल. एरर कोड वाचायला, कूलंट बघायला मस्त आहे, घ्याच. पण ६००० आरपीएमला एक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा पेटतो, आणि स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल सात-आठ आकडे मागितले की प्रत्येकाचं रीडिंग सेकंदाला एखाद-दुसरं देतो. दोन रीडिंगच्या मध्ये पंचवीस ते पन्नास वेळा काय झालं? सिलिंडरनिहाय टायमिंगची कपात तर साध्या ओबीडीत सहसा मिळतच नाही, त्याला त्या कंपनीची भाषा समजणारं सॉफ्टवेअर लागतं, फोक्सवॅगन-स्कोडाला व्हीसीडीएस, स्वतः बसवलेला मेगास्क्वर्ट ईसीयू असेल तर ट्यूनरस्टुडिओ. आणि चालवता चालवता फोनकडं बघायचा प्रकार बंद करा रे, रात्री हायवेला बिनरिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉल्या असतात. लॉगिंग म्हणजे रेकॉर्ड करून नंतर थांबून बघणं, आणि फुल पुल डायनोवर (गाडी रोलरवर पळवून पॉवर मोजणारं यंत्र) काढायचा, रस्त्यावर नाही.

राहिला “पैसे काढायचा धंदा”. काही ठिकाणी आहे, मान्य. लॉग न काढता दहा मिनिटांत स्टेज वन (तयार रिमॅप) टाकून देणारे आहेतच, पण त्यांचा दोष लॉग न काढण्याचा आहे. पैसे द्यायच्या आधी ट्यूनच्या आधीची आणि नंतरची लॉग फाइल मागा, आरपीएम, बूस्ट मागितलेला आणि मिळालेला, लॅम्डा, टायमिंग, सिलिंडरवार नॉक, इनटेक टेम्परेचर, सगळे कॉलम पाहिजेत, नुसता पॉवरचा स्क्रीनशॉट चालणार नाही. द्यायला टाळाटाळ केली तर गाडीची चावी परत घ्या.