जॉर्ज सॅमन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एकोणिसाव्या शतकातला आयरिश गणिती जॉर्ज सॅमन याच्यावरच्या माझ्या लेखाला तुमचे आक्षेप दोन. 1866 साली गणित सोडून धर्मशास्त्राच्या खुर्चीवर बसलेल्या सॅमनला मी ‘गणिती’ म्हणून डोक्यावर घेतलं, हा पहिला. आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात मुलींची वाट अडवणाऱ्या प्रोव्होस्टचं (कॉलेजच्या प्रमुखाचं) कौतुक केलं, हा दुसरा.

पहिला मला अजिबात मान्य नाही. तिसऱ्या घाताच्या समीकरणाने बनणाऱ्या पृष्ठावर सरळ रेषा मोजक्याच असतात, हे आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाच्या लक्षात आलं. त्या नेमक्या 27 असतात, हे 1849 मध्ये सॅमनने दाखवलं. (सगळ्या वास्तव असतीलच असं नाही, काल्पनिक धरून 27. आणि पृष्ठ गुळगुळीत, म्हणजे कुठेही टोक किंवा घडी नसलेलं हवं.) त्याहून मोठं काम पुस्तकांचं. शांकवांवरचं (शंकू कापल्यावर मिळणाऱ्या वक्रांवरचं) 1848 चं पुस्तक, मग वक्र, बीजगणित, त्रिमितीय भूमिती. केली आणि त्याचा गणिती मित्र सिल्व्हेस्टर यांचं नवं बीजगणित शोधनिबंधांत विखुरलेलं होतं. ते विद्यार्थ्याला पचेल असं सॅमनने मांडलं. फीडलर या जर्मन गणितज्ञाने ही पुस्तकं जर्मन भाषेत आणली. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याला आपण दुय्यम समजतो, ही आपली जुनी खोड.

शिवाय ‘सोडून’ कसलं? ट्रिनिटीच्या फेलोला (कॉलेजच्या कायम अध्यापक-सदस्याला) त्या काळी बहुधा धर्मदीक्षा घ्यावीच लागे. सॅमन 1845 पासूनच पाद्री होता. वीसेक वर्षं शिकवण्याचा रगाडा उपसल्यावर त्याने धर्मशास्त्राचं प्राध्यापकपद घेतलं. पुढेही विरंगुळा कसला, तर मूळ संख्यांच्या व्यस्तांच्या दशांशात किती अंकांनंतर तेच अंक पुन्हा येतात, हे काढत बसायचं: 1/7 चे सहा अंक, 1/17 चे सोळा, आणि असंच पुढे. गणित सुटलेला माणूस असले उद्योग करत नाही.

दुसऱ्या आक्षेपावर भांडण नाही. 1888 ते 1904 तो प्रोव्होस्ट होता आणि मुलींच्या प्रवेशाला त्याने जवळजवळ शेवटपर्यंत विरोध केला. मुली एकदा फाटकातून आत आल्या की कुठल्या खोलीत जातील, किती वेळ थांबतील यावर लक्ष कोण ठेवणार, असं कॉलेजच्या बोर्डाचं म्हणणं! ‘काळच तसा होता’ ही सबब मी देणार नाही. लंडन विद्यापीठाने 1878 मध्येच स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या होत्या, आणि खुद्द आयर्लंडमध्ये रॉयल युनिव्हर्सिटीही देत होती. सॅमनला हे दिसत होतं.

पण म्हणून 27 रेषा पुसायच्या का? लेखात दोन्ही गोष्टी आहेत, तशाच राहतील. 1904 च्या जानेवारीत तो वारला आणि त्याच वर्षी मुली आत आल्या. पाठोपाठ ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या परीक्षा देऊनही पदवी न मिळालेल्या शेकडो स्त्रिया बोटीने डब्लिनला येऊन ट्रिनिटीची पदवी घेऊन गेल्या. या ‘स्टीमबोट लेडीज’वर वेगळं लिहायचं मनात आहे, तेव्हाही असंच कडक वाचा.