दक्षिणेनेच लिहून ठेवलंय, मग वाद कसला?

‘अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं न सांगितलेलं सत्य’ नावाचा एक लांबलचक मजकूर सध्या फिरतोय. हे युद्ध म्हणजे १८६१ ते १८६५ मधलं, संघराज्यातून फुटलेली दक्षिणेची राज्यं विरुद्ध उत्तरेची राज्यं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो आला तेव्हा मी दुर्लक्ष केलं. पण अकरावीतल्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेसाठी तो जवळपास जसाच्या तसा उतरवून घेतलाय हे कळल्यावर गप्प बसणं जमेना. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: युद्ध गुलामगिरीवरून नव्हतंच, ते राज्यांच्या हक्कांसाठी आणि आयात मालावरच्या जकातीवरून झालं, दक्षिणेतल्या बहुतेक सैनिकांकडे गुलाम नव्हतेच, तेव्हाचे अध्यक्ष लिंकन यांना गुलामांशी काही देणंघेणं नव्हतं, आणि शेवटी, गुलाम मालकाच्या घरी सुखात होते, मालकांसाठी हजारोंनी लढलेसुद्धा.

हा शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो नुसता चुकीचा नाही, घाणेरडा आहे.

सुखात होते, तर पळून का जात होते? हा प्रश्न त्या काळच्या दक्षिणेलाही पडला होता. १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने त्यावर ‘शास्त्रीय’ उत्तर शोधलं: गुलामाला पळून जावंसं वाटणं हा एक आजार आहे. त्याला त्याने ‘ड्रॅपेटोमॅनिया’ असं भारदस्त नावही दिलं आणि उपाय म्हणून फटके सुचवले. माणसाला स्वातंत्र्य हवंसं वाटणं हा रोग ठरवण्यापर्यंत तिथली समजूत गेली होती, आणि ती शिकल्या-सवरलेल्यांची होती.

मार्च १८५९ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना शहराजवळ पिअर्स बटलर या जमीनदाराने कर्ज फेडायला सुमारे ४३० माणसं विकली. जागा कोणती, तर घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. विक्रीआधी त्यांना घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं होतं. गिऱ्हाइकं तोंड उघडायला लावून दात बघत होती, दंड दाबून बघत होती, चालवून बघत होती. दोन दिवस पाऊस कोसळत होता आणि लिलाव चालू होता. नातीगोती, शेजार, जन्मापासूनची वस्ती, सगळं त्या दोन दिवसांत तुटलं. ‘घरच्यासारखं वागवत’ म्हणणाऱ्यांनी घरातलं कोण असं विकलं जातं ते सांगावं.

आणि मालकांसाठी लढले म्हणे! रॉबर्ट स्मॉल्सचं नाव त्या मजकुरात कसं नाही? चार्ल्स्टन बंदरात दक्षिणेच्या ‘प्लँटर’ या बोटीवर तो गुलाम म्हणून सुकाणू धरत असे. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना, त्याने कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, आपली बायकामुलं आणि सोबत्यांची कुटुंबं बोटीवर घेतली आणि दक्षिणेच्या ताब्यातल्या फोर्ट सम्टर किल्ल्याच्या तोफांसमोरून, शिट्टीचा ठरलेला इशारा देत, बोट थेट उत्तरेच्या आरमाराकडे नेली. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. दक्षिणेने गुलामांना सैनिक म्हणून घेण्याचा कायदा केला तो १३ मार्च १८६५ ला, आणि ९ एप्रिलला त्यांचा सेनापती ली शरणही आला. त्या कायद्याआधी दक्षिणेचाच जनरल हॉवेल कॉब याने लिहिलं होतं की गुलाम चांगले सैनिक होणार असतील, तर गुलामगिरीचा आपला सगळा सिद्धांतच चूक ठरतो. दक्षिणेकडून जे गुलाम आघाडीवर दिसत ते खंदक खणायला, स्वयंपाकाला, मालकाची चाकरी करायला नेलेले.

आता राज्यांचे हक्क. यावर माझं मत नको नि फॉरवर्ड करणाऱ्याचंही नको. फुटून निघणाऱ्या राज्यांनी कारणं स्वतः छापून दिली आहेत. साउथ कॅरोलिनाचा २४ डिसेंबर १८६० चा जाहीरनामा वाचा. तक्रार काय आहे? उत्तरेकडची राज्यं पळालेले गुलाम परत करत नाहीत, त्यासाठी स्वतःचे वेगळे कायदे करतात. न्यूयॉर्क तर गुलाम सोबत घेऊन नुसतं जाऊही देत नाही. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला, हाच गुन्हा! मिसिसिपी तर आणखी स्पष्ट: आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, जगातला तो सर्वांत मोठा भौतिक हितसंबंध आहे. मार्च १८६१ मध्ये फुटलेल्या राज्यांच्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स सव्हानात म्हणाले की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, या ‘सत्या’वरच आमच्या सरकारची कोनशिला आहे. त्या सरकारच्या नव्या संविधानाने गुलामांवरच्या मालकी हक्काला धक्का लावणारा कायदा करायलाच मनाई केली.

जकातीचं एका वाक्यात: वाढीव जकातीचा कायदा मार्च १८६१ चा, तोवर सात राज्यं फुटूनही झाली होती.

बहुतेक सैनिकांच्या नावावर गुलाम नव्हते, हे खरं. पण गुलामगिरी बायबलला मान्य आहे असं चर्चमध्ये ऐकत ते वाढले होते; याच प्रश्नावरून १८४५ साली दक्षिणेचे बॅप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती उत्तरेपासून वेगळे झाले. गरिबातला गरीब गोराही कुणाच्या तरी वर होता, आणि ते ‘वर असणं’ जाईल ही भीती त्याला पुरेशी होती.

राहिला लिंकन. इथे अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागतं. ऑगस्ट १८६२ च्या पत्रात त्यांनी खरंच लिहिलं की एकही गुलाम मुक्त न करता संघराज्य वाचणार असेल तर मी तसं करीन. पण गुलामांच्या मुक्तीच्या घोषणेचा मसुदा त्याआधी महिनाभर मंत्रिमंडळाला वाचून दाखवलेला होता, आणि सगळी माणसं सगळीकडे मुक्त असावीत ही आपली वैयक्तिक इच्छा त्याच पत्राच्या शेवटी आहे. फॉरवर्डमध्ये ते वाक्य गाळलंय. उत्तरेची बाजूही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती: तिच्या गिरण्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालत, आणि संघराज्यात राहिलेल्या केंटकी, डेलावेअरमधले उरलेसुरले गुलाम थेट डिसेंबर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनेच सुटले. पण उत्तरेची राज्यं सुरुवातीला कशासाठी लढली हा एक प्रश्न आणि दक्षिण कशासाठी फुटली हा दुसरा. पहिल्याचं उत्तर गुंतागुंतीचं आहे. दुसऱ्याचं फुटणाऱ्यांनीच सही करून दिलेलं आहे.