मोडी ही गुप्तलिपी नव्हती. मराठीची गुप्तलिपी दुसरीच होती

मराठवाड्यातल्या जुन्या दप्तरांमधून कुणबी नोंदी शोधण्याचे काम २०२३ मध्ये शासकीय समितीने हाती घेतले आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. त्या कुतूहलाच्या पाठोपाठ व्हॉट्सअॅपवरून एक मजकूरही गावोगाव पोहोचला. त्याचा सारांश असा: देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाडपंत याने शत्रूला कळू नये म्हणून मोडी ही गुप्तलिपी तयार केली, शत्रूला ती कधीच फोडता आली नाही, ती जगातली पहिली गुप्तलिपी होती, आज संगणकाची आणि बँक व्यवहारांची सुरक्षितता तिच्याच तत्त्वावर उभी आहे, आणि हा सगळा इतिहास इतिहासकारांनी दडवून ठेवला. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत शिकवणारे आणि दप्तर हाताळलेले लोकही आहेत, त्यामुळे त्यातले एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक वाटते.

पहिले विधान हेमाडपंताच्या कर्तृत्वाचे. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या कारभारातला मोठा अधिकारी होता, ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा त्याचा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध आहे, आणि मोडीचे श्रेय त्याला देणारी परंपरा जुनी आहे, हे सर्व मान्य. परंतु दुसरी एक परंपरा त्याने ही लिपी लंकेहून आणली असे सांगते, आणि तयार केलेली वस्तू बाहेरून आणलेली कशी, हा प्रश्न दोन्ही कथा एकाच दमात सांगणाऱ्यांना पडत नाही. सर्वांत जुना म्हणून दाखवला जाणारा मोडी कागद १३८९ चा आहे, म्हणजे हेमाद्रीच्या काळानंतर बराच उशिराचा. हेमाद्रीने दरबारी लेखनाला शिस्त लावली असणे अगदी शक्य आहे. मात्र परंपरेतही त्याचे नाव जोडले गेले आहे ते कारभारातल्या जलद लेखनाशी, आणि गुप्ततेची जोड त्या कथेला मागाहून मिळालेली दिसते.

‘शत्रूला कळू नये म्हणून’ हे दुसरे विधान या मजकुराचा कणा आहे, आणि तोच सर्वांत कच्चा आहे. मोडीची घडण पाहिली तर तिचा हेतू उघड होतो. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिच्याखाली एकमेकांना जोडत जायचे. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळायचा नाही, दोन शब्दांत अंतर सोडायचे नाही. हे सारे कारकुनाचा वेळ वाचवण्याचे उपाय आहेत. न्यायालयातला लघुलेखक ज्या कारणाने लघुलिपी वापरतो, त्याच कारणाने पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात मोडी चालत होती. ती न शिकलेल्याला वाचता येत नाही, हा त्या सोयीचा परिणाम होता, उद्देश नव्हे.

शिवाय ज्यांच्यापासून हे लपवायचे होते असे सांगितले जाते, त्यांच्याच कचेऱ्यांत मोडी लिहिणारे बसलेले होते. आदिलशाही आणि निजामशाही यांची फारसी आणि मराठी अशी द्विभाषी फर्माने आजही उपलब्ध आहेत, आणि त्यांतला मराठी भाग मोडीत आहे. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने, म्हणजे १५३४ नंतरच्या काळात, महसुली हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्यास सुरुवात केली, आणि ते हिशेब ठेवणारे बहुतांशी इथलेच ब्राह्मण कारकून होते. पुढे निजामाच्या अमलातही आपल्याकडच्या गावपातळीवरच्या कागदांत मोडी टिकून राहिली, म्हणून तर आज नोंदी शोधताना फारसी आणि उर्दू वाचणाऱ्यांच्या शेजारी मोडी वाचणाऱ्यालाही बसवावे लागते. एवढ्याने भागत नसेल तर बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्याकडे पाहावे: विल्यम केरी या मिशनऱ्याने तेथे मोडीचे खिळे पाडून घेतले आणि १८१० मध्ये मराठीचा कोश त्या टाइपात छापला. परक्या धर्मोपदेशकाने ज्या अक्षरांत कोश छापून विकला, त्या लिपीला गुप्त म्हणणे अवघड आहे.

तिसरे विधान, ‘ती कधीच फोडता आली नाही’, वरवर पाहता खोडून काढण्याचीही गरज नाही, कारण जी लिपी पंतोजी शिकवत होते ती फोडण्याची वेळ कोणावर येणार? पण या विधानाच्या तळाशी असलेला गैरसमज महत्त्वाचा आहे. अनोळखी लिपी आणि गुप्तलेख या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गुप्तलेखात पद्धत आणि किल्ली (म्हणजे लेख उलगडण्यासाठी लागणारी गुप्त माहिती) असे दोन भाग असतात, आणि खरी गुप्तता किल्लीत असावी लागते. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी किल्ली ठाऊक नसल्यास लेख सुरक्षित राहिला पाहिजे, हे सूत्र ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाविषयी लिहिताना मांडले. मोडीला किल्लीच नाही. एकदा मुळाक्षरे शिकली की प्रत्येक कागद सरावाने वाचता येतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या नवाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीच्या सैनिकांचे उदाहरण येथे उपयोगी आहे, कारण मजकूर पाठवणारे ते नेहमी आपल्या बाजूने देतात. अमेरिकेच्या नौसैनिक दलाने १९४२ मध्ये २९ नवाहो तरुणांना घेऊन संदेशांची पद्धत तयार केली. नवाहो भाषा बाहेरच्यांना जवळजवळ अज्ञात होती, तरीही केवळ त्या भाषेवर विसंबून न राहता तिच्यावर शब्दसंकेतांचा आणखी एक थर चढवण्यात आला: रणगाड्याला कासव, पाणबुडीला लोखंडी मासा, आणि नावांसाठी अक्षरवार निराळे शब्द. जपान्यांच्या कैदेत असलेल्या जो कियोमिया या नवाहो सैनिकाला ते संदेश ऐकवून छळण्यात आले, पण त्या पद्धतीचे शिक्षण नसल्याने मातृभाषेतले शब्द ओळखूनही त्याला त्यांचा अर्थ लागला नाही. अनोळखीपणावर भिस्त ठेवता येत नाही, हे त्या लष्कराला नीट समजलेले होते.

‘जगातली पहिली’ या चौथ्या विधानाने तर आपल्याच पूर्वजांवर अन्याय होतो. कौटिलीय अर्थशास्त्रात हेरांनी बातमी संज्ञालिपीतून, म्हणजे सांकेतिक लिपीतून, पोहोचवावी असे स्पष्ट सांगितले आहे. वात्स्यायनाने ‘कामसूत्रा’त चौसष्ट कलांत म्लेच्छितविकल्प ही सांकेतिक लेखनाची कला मोजली आहे, आणि त्यावरच्या यशोधराच्या टीकेत तिचे मूलदेवीय आणि कौटिलीय असे प्रकार सांगितले आहेत. मूलदेवीयात अ आणि क, ख आणि ग, घ आणि ङ अशा अक्षरांच्या जोड्या एकमेकांच्या जागी येतात. मूळ ग्रंथ हेमाद्रीच्या शेकडो वर्षे आधीचे आहेत. रोमचा ज्यूलियस सीझर तीन अक्षरे पुढे सरकवून पत्रे लिहीत असे, तेही ख्रिस्तपूर्व काळातले.

अशा अक्षरबदलाला उतारा कोणी शोधला, हे आपल्याकडे फार कमी सांगितले जाते. नवव्या शतकात बगदादला राहणाऱ्या अल-किंदी या विद्वानाने दाखवून दिले की प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात आणि काही क्वचित. त्यामुळे गुप्तलेखातल्या चिन्हांची मोजदाद करून त्याच भाषेतल्या साध्या लेखाशी ती ताडून पाहिली की जोड्या जुळू लागतात. म्हणजे हेमाद्री जन्मण्याच्या सुमारे चारशे वर्षे आधी साध्या अक्षरबदलाचा कस लागून गेला होता. पुढे इटलीत लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने पंधराव्या शतकात फिरत्या चकतीने वर्णमाला मध्येच बदलण्याची युक्ती काढली, आणि १५५३ मध्ये बेल्लासो याने तिला किल्लीशब्दाची जोड दिली. श्रेय मात्र व्हिजनेर या फ्रेंच माणसाच्या नावावर जमा झाले. श्रेयाची ही गफलत फक्त हेमाडपंताच्याच वाट्याला आलेली नाही.

संगणकाच्या विधानात फार थांबण्यासारखे काही नाही. आजच्या बँक व्यवहारांमागची उघड किल्लीची (लेख बंद करण्याची किल्ली जाहीर, उघडण्याची मात्र गुप्त) कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी १९७७ मध्ये ती मोठ्या मूळ संख्यांच्या आधारे प्रत्यक्षात आणली. त्यात पद्धत सर्वांसमोर मांडलेली असते. ज्यांना या क्षेत्रात भारतीय नाव हवे आहे, त्यांनी मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांचे घ्यावे. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि झपाट्याने ठरवण्याची रीत त्यांनी २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मांडली.

राहिले शेवटचे विधान, इतिहासकारांनी दडवल्याचे. मराठीत गुप्त संकेत आणि गुप्तलेखन होते, आणि आपल्या भागात ते संकेत आजही पूर्ण विसरलेले नाहीत. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात. नंदभाषेत, म्हणजे व्यापाऱ्यांच्या सांकेतिक बोलीत, दोनाला आवारू, तिनाला उधानू आणि चाराला पोकू म्हणत. पण लेखनाच्या बाबतीत खरी गुप्तलिपी तयार केली ती महानुभावांनी. चक्रधरस्वामींच्या पैठणच्या वास्तव्याने आणि माहूरच्या परंपरेने मराठवाड्याशी घट्ट जोडलेल्या या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आणि इतर अनेक लिप्यांत उतरवले. सकळ लिपीचे श्रेय परंपरा चौदाव्या शतकातल्या रवळोबासांना देते. तिच्यात देवनागरीच्या एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर किंवा चिन्ह येते, म्हणजे मोडीत जी नव्हती ती किल्ली येथे आहे. हेतू ब्रह्मविद्या दीक्षितांपुरती राखण्याचा होता, आणि तो इतका साधला की पंजाबपासून काबूलपर्यंत मठ पसरले तरी मराठी पोथ्या त्या लिपीतच वाचल्या जात राहिल्या, आणि ‘लीळाचरित्रा’सारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा महाराष्ट्रातल्या बाकी वाचकांना शतकानुशतके अज्ञात राहिला.

हे झाकून ठेवणारे इतिहासकार नव्हते, पंथाचेच अनुयायी होते, आणि त्यांना तसा अधिकार होता. बीडजवळच्या पाटांगणातून ज्ञानेश्वरीची जुनी प्रत मिळवणाऱ्या वि. का. राजवाडे यांनीच विसाव्या शतकाच्या आरंभी सकळ लिपीची उकल करून तिची किल्ली छापून टाकली.